ठासणीच्या बंदुकीचे लाकूडसामान



आज मी तुमच्याशी ठासणीच्या बंदुकीबद्दल बोलणार आहे; पण तिच्या लोखंडाबद्दल नव्हे, तिच्याबरोबर वावरणाऱ्या लाकडी सामानाबद्दल. तुम्ही म्हणाल, काडतुसांच्या जमान्यात हा काय विषय झाला? पण कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडे, शेतीसंरक्षणाचा परवाना काढून ठेवलेल्या अशा बंदुका आजही आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातसुद्धा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम वेगळा उल्लेख केलेला आहे. तेव्हा विषय जुना असला तरी मेलेला नाही. आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही त्यांनीही कान बंद करू नयेत. ही गोष्ट शेवटी लाकडाची आहे, आणि कुऱ्हाडीचा दांडा कोणाच्या घरी नसतो?

प्रथम एक हकिकत सांगतो. मी लहान असताना आमच्या वाडीत एक तात्या होते. त्यांच्या बंदुकीचा गज, म्हणजे बार ठासायची काठी, जुनी होऊन मोडली. तात्यांनी घरातल्या सागवानी फळीतून करवतीने एक लांब पट्टी कापली, रंध्याने ती गोल केली, वर तेल पाजले. गज इतका देखणा झाला, की येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो काढून दाखवीत. तिसऱ्या का चौथ्या दिवशी बार भरताना बोळा नळीत मध्येच अडकला. तात्यांनी गजाचे वरचे टोक दोन्ही मुठींनी धरले आणि अंगाचा भार दिला. गज धनुष्यासारखा वाकला आणि कडकन मोडला. मोडला तोही सरळ आडवा नव्हे. बोरूचे टोक कापावे तसा तिरपा. खाली येणारा हात त्या टोकावरच आला. तळहातातून ते आरपार गेले. जखम भरली, पण उजव्या हाताची मधली दोन बोटे तात्यांना पुढे कधी पुरती मिटता आली नाहीत.

वाडीतले म्हातारे सुतार त्यांना भेटायला आले, तेव्हा त्यांनी मोडका तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि एवढेच विचारले, "तात्या, फळीतून कापलात होय? फोडून नाही काढलात?"

त्या एका प्रश्नात माझे आजचे निम्मे भाषण आहे.

आता ठासणीची बंदूक भरतात कशी, ते थोडक्यात पाहू. हिची नळी मागून बंद असते. जे काही घालायचे ते तोंडातून. आधी मोजून दारू ओतायची. दारू म्हणजे बंदुकीची काळी दारू, बरे का. दुसऱ्या दारूचा आणि बंदुकीचा संबंध कधीच येऊ नये! मग तीवर कागदाचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. गोळीची बंदूक असेल तर तेलकट कापडाच्या तुकड्यात बसवलेली शिशाची गोळी. हे सारे गजाने तळापर्यंत ठासायचे. बार उडवण्यासाठी पूर्वी कानाशी रंजक घालून तोड्याची वात लावीत. पुढे चकमकीचा घोडा आला. आणि एकोणिसाव्या शतकात केप आली. पेटवण्याची तऱ्हा बदलत गेली, पण ठासणे काही सुटले नाही. जिथे ठासणे आहे तिथे गज आहे, माप आहे, बूच आहे. आणि ही सगळी लाकडाच्या कामाची जागा.

लाकूडच का? काळी दारू ठिणगीची भुकेली. लोखंडावर लोखंड किंवा दगडावर लोखंड घासले तर ठिणगी पडू शकते. लाकूड, शिंग, पितळ यांची तशी पडत नाही. म्हणून दारूला ज्याचा स्पर्श होईल ते सामान शक्यतो या तिघांचे करावे, अशी जगभरची जुनी रीत आहे. शिवाय नळीचे तोंड झिजले की नेम बिघडतो. लाकूड नळीपेक्षा मऊ असल्याने स्वतः झिजते, नळीला राखते.

आता गजाकडे वळू. युरोपातल्या सैन्यांत सतराव्या शतकात सर्वत्र लाकडी गज असत. लढाईच्या घाईत ते फार मोडत. आणि गज मोडलेला शिपाई म्हणजे नुसती लांब काठी हातात घेतलेला माणूस. प्रशियाच्या पायदळाला डेसाउचा सरदार लिओपोल्ड याने लोखंडी गज दिले. १० एप्रिल १७४१ रोजी मोलविट्झच्या लढाईत प्रशियाच्या पायदळाने ऑस्ट्रियावर जो विजय मिळवला, त्यात त्यांच्या झपाट्याने बार भरण्याचा मोठा वाटा होता, आणि त्या झपाट्यात लोखंडी गजाचा. त्यानंतर एकामागून एक सैन्यांनी लाकडी गज टाकून दिले.

मग लाकडी गज संपला का? नाही. त्याच अठराव्या शतकात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया प्रांतात, जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी एक लांब नळीची रायफल घडवली. रायफल म्हणजे नळीच्या आत फिरत्या खाचा असलेली बंदूक. रानातला शेतकरी आणि शिकारी ती वापरी. लोखंडी गज आत घासला तर त्या खाचांच्या कडा मारल्या जातात, म्हणून त्यांनी लाकडी गजच ठेवला. त्यासाठी त्यांना लाकूडही फार चांगले मिळाले. हिकरी नावाचे झाड तिकडच्या पूर्वेकडील रानांत होते. कठीण, चिवट आणि लवचीक. तिकडे कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच करतात.

इथे एक गंमत पाहा. त्याच रायफलीचा दस्ता ते मेपल नावाच्या लाकडाचा करीत, आणि तो मुद्दाम लाटालाटांच्या रेषांचा निवडीत. उन्हात धरला की वाघाच्या पट्ट्यांसारखा चमकतो. म्हणजे एकाच बंदुकीला दोन लाकडे: दस्त्याला जितक्या वळणाच्या रेषा तितका तो देखणा, आणि गजाला जितक्या सरळ रेषा तितका तो भरवशाचा. दस्ता जाड असतो, त्याला वळणे परवडतात. गज करंगळीएवढा, त्याला एकही वळण परवडत नाही.

आता आपल्या म्हाताऱ्या सुतारांच्या प्रश्नाकडे येऊ. फोडणे आणि कापणे यात फरक काय? लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. सुंभाच्या पेडात धागे असतात तसे हे तंतू बुंध्यातून वर जातात. करवत आखलेल्या रेघेने चालते. तंतू कुठे चालले आहेत याची तिला पर्वा नसते. तंतू जरा तिरपे असले, तर करवत त्यांना छेदून जाते आणि ते काठीच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडतात. अशा काठीवर ताण आला की ती त्या तिरप्या रेषेवर सुटते. तात्यांच्या गजाचे ते बोरूसारखे टोक असे तयार झाले होते. उलट पाचर ठोकून लाकूड फोडले, तर फूट तंतूंच्या वाटेनेच जाते. चिरफळी वाकडी निघेल, पण तिच्यातला प्रत्येक तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असेल. वाकडेपणा पुढे काढता येतो. तुटलेला तंतू मात्र जोडता येत नाही.

आपल्याकडे हिकरी नाही. पण धामण आहे! सह्याद्रीच्या रानातले हे झाड शेतकऱ्यांना नवे नाही. खांद्यावरची कावड, हत्यारांचे दांडे, गाडीच्या दांड्या, धनुष्ये यांसाठी धामणीचे लाकूड फार पूर्वीपासून घेतात, कारण ते वाकते आणि पुन्हा सरळ होते. तिवसाचे लाकूडही चिवट असते. सागवान दाराखिडक्यांना उत्तम. वाळवी त्याला सहसा लागत नाही, पाण्यात ते फुगत नाही. पण बारीक काठी करून वाकवायला ते ठिसूळ आहे. लाकूड चांगले किंवा वाईट असे सरसकट म्हणू नये. कोणत्या कामाला चांगले, ते विचारावे. आणि झाड आपल्या मालकीचे असले तरी तोडण्यापूर्वी वनखात्याचा नियम विचारून घ्यावा.

गज कसा करतात, ते आता पायरीपायरीने सांगतो.

बुंधा निवडताना आधी साल पाहा. सालीवरच्या भेगा पिळाने वर गेल्या असतील, तर आतले तंतूही पिळाचेच असणार. तो बुंधा सोडून द्या. भेगा सरळ, गाठ नाही, फांदी फुटल्याची खूण नाही, असा तुकडा गजाच्या लांबीपेक्षा वीतभर जास्त घ्या. लाकूड ओले असतानाच फोडा. ओले सोपे फुटते. पाचरीने आधी दोन फाका, मग चार, मग आठ. अगदी मधला गाभा टाकून द्या.

या चिरफळ्या सावलीत, वारा लागेल अशा जागी, आडव्या टेकूंवर ठेवून वाळवा. घाई करून उन्हात किंवा चुलीवर वाळवल्या तर त्यांना भेगा पडतात. आपल्या कोकणच्या हवेत दिवाळीला ठेवलेली चिरफळी उन्हाळ्याच्या अखेरीस हातात घ्यावी, त्याआधी नको.

वाळल्यावर तासायचे. दोन्ही बाजूंना मुठी असलेले पाते अंगाकडे ओढत तासले तर उत्तम. नाहीतर लहान रंधा. आधी चौकोनी करा, मग चारी कोपरे मारून आठकोनी, मग सोळाकोनी, मग गोल. तासताना एक डोळा नेहमी रेषेवर ठेवा. पाते खाली खाली शिरू लागले तर समजा, की तुम्ही तंतूंच्या उलट चालला आहात. काठी फिरवा आणि दुसऱ्या टोकाकडून तासा. शेवटची गोलाई आणण्यासाठी तिकडचे कारागीर भोकांची पोलादी पट्टी वापरीत. सोनार तार ओढायला वापरतो तशीच, पण मोठ्या भोकांची. काठी मोठ्या भोकातून ओढायची, मग जरा लहान, मग त्याहून लहान. सुमारे अर्ध्या इंचाच्या तोंडाच्या नळीला ३/८ इंच जाडीचा गज साधारण चालतो. नळीत तो मोकळा फिरला पाहिजे, आणि नळीखालच्या कड्यांतही. पावसाळ्यात लाकूड फुगते, हे विसरू नका. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला गज श्रावणात कड्यांतून बाहेर येत नाही.

काठीला बाक असेल तर तो भाग निखाऱ्यांच्या उबेवर, हाताला सोसेल त्याहून थोडा जास्त, फिरवत फिरवत तापवा आणि गुडघ्यावर अलगद उलटा वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवा. बुरूड वेत सरळ करतो, तीच युक्ती. मग जवसाचे तेल चोळा. एकदा चोळून भागत नाही, आठवडाभर रोज थोडे थोडे पाजा.

टोकाला पितळी टोपी बसवतात. ती नुसती चिकटवू नका. टोपीतून आणि लाकडातून आडवे बारीक भोक पाडून पितळी खिळा ठोका आणि दोन्ही बाजूंनी घासून सपाट करा. कारण गज फक्त ठासायलाच लागतो असे नाही. नळी पुसताना अडकलेली चिंधी ओढूनही काढावी लागते. चिकटवलेली टोपी त्या वेळी आतच राहते, आणि मग मोठी पंचाईत होते.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि तीच लोक गाळतात. गज बंदुकीला लावण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या. हातांना जाड फडके गुंडाळा. गज मांडीवर धरून हलकेच कमान होईल इतका वाकवा, सोडा, पाव वळसा फिरवा, पुन्हा वाकवा. असा चारी बाजूंनी. जरा जरी तडतड ऐकू आली, कुठे कूस उभी राहिलेली दिसली, तर त्या गजाचा मोह धरू नका. चुलीत घाला. आठ दिवसांची मेहनत गेली, असे वाटेल. पण हात राहिला.

गज कितीही चांगला असला तरी तो धरण्याची रीत आहे. टोकाशी धरून अंगाचा भार कधीही देऊ नका. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, तेवढेच खाली दाबा, पुन्हा वीतभर वर धरा, पुन्हा दाबा. अशा आखूड आखूड ठासणीने गज वाकतच नाही, मग मोडणार कसा? तोंड नळीच्या वर आणू नका. बंदूक अंगापासून थोडी बाजूला कललेली ठेवा. आणि बार भरून झाला की गज जागेवर गेला ना, हे पाहा. घाईत गज नळीतच विसरून बार उडवल्याच्या गोष्टी जिथे जिथे या बंदुका आहेत तिथे तिथे ऐकू येतात.

गजावर दोन खुणा अवश्य करा. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर एक बारीक खाच पाडा. नेहमीचा बार भरल्यावर पुन्हा सोडा आणि दुसरी खाच पाडा. आता हा गज बोलू लागला! पहिली खाच तोंडाशी आली तर नळी रिकामी. दुसरी आली तर बार बरोबर बसला. दुसरी खाच तोंडाच्या बरीच वर राहिली, तर एक तर गोळी मध्येच अडकली आहे, नाहीतर बारावर बार भरला गेला आहे. दोन्ही गोष्टी प्राणघातक. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर ती गोळी बुचासारखी आडवी येते आणि नळी फुगते किंवा फुटते. घरात टांगलेली बंदूक भरलेली आहे की रिकामी, हेही ही खूणच सांगते. लाकडाच्या काठीवरची एक खाच, पण तिच्यामुळे घर वाचते.

गजानंतर माप. सतराव्या शतकातल्या युरोपीय शिपायांच्या खांद्यावरून एक पट्टा तिरपा असे आणि त्याला लाकडी कुप्या लोंबत. एकेका कुपीत एकेका बाराची दारू. कुप्या पुष्कळदा बारा असत, म्हणून लोक पुढे त्यांना गमतीने येशूचे बारा शिष्य म्हणू लागले. कल्पना चांगली होती, लढाईत मोजत बसायला नको. पण चालताना त्या एकमेकींवर आपटून खडखडत, रात्री शत्रूला चाहूल लागे, आणि एकीला ठिणगी लागली तर शेजारणीही पेटत. म्हणून पुढे कागदी पुड्या आल्या आणि त्या ठेवायला कातडी पेटी. पण त्या पेटीच्या आतही भोके पाडलेला लाकडाचा ठोकळाच असे, पुड्या चुरगळू नयेत म्हणून. जपानात १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर तोड्याची बंदूक पोचली, आणि तिथल्या लोकांनीही एकेका बाराच्या लहान नळकांड्या केल्या. त्यांचा गज असे ओक जातीच्या त्यांच्या कठीण लाकडाचा.

आज कुप्यांची गरज नाही. एक माप पुरे. काळा कुडा, हेद, शिसव यांपैकी कोणतेही बारीक पोताचे लाकूड घ्या. सावंतवाडीकडे लाकडी खेळणी करणाऱ्यांचे काम तुम्ही पाहिले असेल. त्यांच्यासारख्या कातारीला हे अर्ध्या तासाचे काम. घरी करायचे तर आधी भोक पाडा, मग बाहेरून कोरा. उलटे केले तर भोक एका कडेला जाते आणि माप फुटते. भोक थोडे थोडे खोल करत जा. किती दारूचे माप हवे, ते बंदूक करणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाला विचारा. अंदाजाने ठरवू नका. तळाशी दोरीचे भोक ठेवा, म्हणजे माप गळ्यात राहील.

तुम्ही विचाराल, मापाची एवढी काय मातबरी? शिंगातूनच दारू नळीत ओतली तर काय बिघडते? ऐका. बार उडाल्यावर नळीच्या तळाशी कधी कधी बोळ्याचा धुमसता कण उरतो. त्यावर दारू पडली तर ती वरच्या वर पेटते. माप हातात असेल तर एका बाराची दारू भडकेल. केस जळतील, हात भाजेल. पण शिंगातूनच ओतत असाल, तर शेरभर दारूचे शिंग तुमच्या मुठीत बॉम्बसारखे फुटेल. या दोन्हींमध्ये जे अंतर आहे, ते त्या लाकडी मापाचे. माप भरून झाल्यावर शिंगाचे बूच आधी लावायचे आणि मगच नळीकडे वळायचे, हा नियम मुलाबाळांच्या देखतही मोडू नका; मुले पाहून शिकतात.

दारूच्या शिंगाचेही दोन अवयव लाकडाचे. रुंद बाजूचे बुड आणि निमुळत्या बाजूचे बूच. शिंग गोल नसते, लंबगोल असते. ते पाण्यात उकळले की मऊ होते. त्या वेळी किंचित निमुळता गोल ठोकळा आत दाबून बसवला, की थंड होताना शिंग त्या लाकडाला आवळून घेते. भोवती लाकडी खुंट्या मारतात. बूच मात्र कठीण लाकडाचे, सतारीच्या खुंटीसारखे निमुळते करा, म्हणजे झिजले तरी जरा पुढे सरकून घट्टच बसते.

गोळीच्या रायफलीसाठी आणखी दोन वस्तू आहेत. एक गोळ्यांची फळी: पाचसात भोकांची लहान फळी, प्रत्येक भोकात कापडासकट गोळी दाबून ठेवलेली. फळी नळीच्या तोंडावर धरायची आणि गोळी खाली ढकलायची. दुसरी, मुठीएवढा लाकडी गोळा आणि त्याला बोटभर लांबीची खुंटी; घट्ट गोळी तोंडातून पहिले काही इंच आत घालण्यासाठी. ती आत सरली की पुढचे काम गजाचे. इतकेच कशाला, १८५३ च्या नमुन्याच्या ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसांनी १८५७ साली आपल्याकडे वणवा पेटवला, तिच्या गोळीच्या बुडातही काही काळ बॉक्सवूड नावाच्या लाकडाची लहानशी खुंटी बसवीत. बार उडाला की ती खुंटी पुढे सरके आणि गोळीचे बुड फाकून नळीच्या खाचांत घट्ट बसे. लाकूड कुठे कुठे पोचले, पाहा!

पावसाळ्यात नळीत दमट हवा जाऊ नये म्हणून तोंडाला लाकडी बूच लावतात. त्याला लाल चिंधीचा गोंडा अवश्य बांधा. बूच न काढता बार उडवला तर नळी फुटते. गोंडा डोळ्यांपुढे हलत राहिला तर विसर पडत नाही.

कायद्याबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. मी सांगितले ते लाकडाचे काम. नळी, घोडा, चाप, केपेची बोंडी यांना घरी हात लावू नका. बंदूक बनवणे आणि दुरुस्त करणे हे परवाना असलेल्याचेच काम आहे. बंदूक ज्याच्या नावाची, त्यानेच ती हाताळावी. आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. माकडे आली, डुकरे आली, तर नुसत्या दारूच्या आवाजाने त्यांना हुसकावणे, एवढेच बहुतेक वेळा पुरते.

आता शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी एक गोष्ट. बंदूक शाळेत आणायची नाही, पण तिच्या गजाचा धडा वर्गात आणता येतो. एकाच लाकडाच्या, सारख्या लांबीजाडीच्या दोन काठ्या सुताराकडून करून घ्या. एक फोडून काढलेली, सरळ तंतूंची. दुसरी फळीतून मुद्दाम तिरपी कापलेली. दोन विटांवर आडवी काठी ठेवा, मध्ये डबा टांगा आणि तांब्याने मोजून पाणी ओतत जा. पहिली काठी वाकेल, कुरकुरेल, बराच वेळ तग धरेल. दुसरी फारशी न वाकताच मोडेल. मुलांना मोडलेली टोके हातात देण्याआधी दुरून दाखवा, म्हणजे बोरूचे टोक कसे होते, ते त्यांना कळेल. मग त्यांना घरी पाठवा आणि कुऱ्हाडीचा, कुदळीचा, फावड्याचा दांडा तपासून यायला सांगा: रेषा टोकापासून टोकापर्यंत जातात, की मध्येच कडेने बाहेर पडतात? ज्या घरात असा तिरपा दांडा सापडेल, त्या घरातले एखादे डोके किंवा एखादा पाय तुमच्या धड्याने वाचेल.

तसेच मापाचे. एक वाटी रवा नुसता भरून सपाट करा आणि वजन करा. मग तीच वाटी आपटून आपटून भरा आणि पुन्हा वजन करा. वाटी एकच, वजने दोन. म्हणून दारूचे मापही दर वेळी एकाच पद्धतीने भरावे लागते.

श्रोतेहो, आमच्या तात्यांनी नंतर त्याच म्हाताऱ्या सुतारांकडून धामणीचा गज करवून घेतला. मी तो करताना पाहिला. सुतारांनी पाच चिरफळ्या काढल्या. त्यांतल्या तीन फेकल्या, चौथी वाकवताना तडकली, पाचवीचा गज झाला. तात्या म्हणाले, "अहो, एका काठीसाठी एवढे लाकूड फुकट घालवलेत!" सुतारांनी तात्यांच्या त्या न मिटणाऱ्या बोटांकडे पाहिले आणि काही न बोलता ढलप्या गोळा करू लागले.

तात्या गेले, सुतारही गेले. तो गज मात्र अजून सरळ आहे, आणि त्यावरच्या दोन खाचा अजून वाचता येतात.